गावात हवा मोजायचं यंत्रच नाही, मग मोबाईलवर गावाचा एक्यूआय १६० कुठून येतो?

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. यावल तालुक्यातल्या तुमच्या गावी यंत्र नसताना ॲपवर १६० कसा दिसतो, केळीच्या पानांवर बसते ती माती की राख, आणि ऑनलाइन मिळणारा छोटा मीटर घ्यावा का. पर्यावरणशास्त्र शिकल्यावर मी काही वर्षं जळगाव जिल्ह्यात हवेचे नमुने घ्यायचं काम केलं आहे. फिल्टर बदलायचे, वजनं करायची, वहीत नोंदी करायच्या, असं ते काम. त्यामुळे मोजणीच्या भागावर जरा लांबण लागेल, तेवढी सांभाळून घ्या.

एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, जितका जास्त तितकी हवा वाईट. १६० हा आकडा तुमच्या शिवारात कोणी मोजलेला नाही, तो संगणकाने हिशेब करून काढलेला आहे. हवा मोजायचं जवळचं केंद्र लांब असलं की बरीच ॲप मधली जागा मॉडेलने भरून काढतात. उपग्रहाने वरून पाहिलेला धुरकटपणा, वाऱ्याचा आणि तापमानाचा अंदाज, कुठे किती इंधन जळत असेल याचा ठोकताळा, हे सगळं एकत्र करून नकाशावरच्या प्रत्येक चौकटीला एक आकडा दिला जातो. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक मॉडेलची चौकट साधारण ४० किलोमीटरची असते. तेवढ्यात यावल, भुसावळ आणि जळगाव तिन्ही मावतात. भुसावळचं रेल्वे यार्ड, दीपनगरचं औष्णिक केंद्र, जळगावची एमआयडीसी आणि तुमची केळीची बाग, सगळ्यांना मिळून एक आकडा.

हे केळीवाल्यांना वेगळं समजवायला नको. हवामानावर आधारित पीक विम्यात पारा तुमच्या बागेत किती उतरला हे कोणी विचारत नाही, महसूल मंडळातल्या केंद्रावर किती उतरला ते बघतात. तिथे निदान यंत्र तरी मंडळात असतं.

उपग्रहाची अजून एक गोम आहे. सेंटिनेल-५पी हा उपग्रह २०१७ पासून नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू वरून मोजतो आणि आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आसपास. आपल्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटते संध्याकाळी, चुली आणि शेकोट्या पहाटे. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचं खोरं. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणाखाली सकाळी आठ-नऊपर्यंत कोंडलेला असतो. दुपारी जमीन तापली की हवा वर-खाली ढवळली जाते आणि तो विरतो. म्हणजे उपग्रह येतो तेव्हा तुमच्या गावातला सगळ्यात वाईट वेळ टळून गेलेला असतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात, ते वेगळंच.

आता एक्यूआय काढायची पट्टी बघा. काही ॲप अमेरिकेची पट्टी वापरतात, आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगळी आहे. हवेत पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय पट्टीवर ते ८३ च्या आसपास येतं आणि ‘समाधानकारक’ ठरतं. तीच हवा अमेरिकी पट्टीवर १३७ च्या घरात जाते. पीएम २.५ ची भारताची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये आधी पट्टी कोणती ते बघा. १६० भारतीय पट्टीवरचा असेल तर ‘मध्यम’ गटात बसतो.

खरी मोजणी कशी होते ते सांगतो, कारण तिचा कंटाळा ज्याने केलाय त्यालाच तिची किंमत कळते. जुन्या पद्धतीत सॅम्पलर असतो, पत्र्याची पेटी आणि आत ब्लोअर. तो मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो. वाटेत सायक्लोन असतो, हवा त्यात गरगर फिरते आणि १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण खालच्या कपात पडतात. उरलेली बारीक धूळ ८ बाय १० इंचाच्या काचतंतूंच्या फिल्टरवर बसते. आठ तासांनी फिल्टर काढायचा, दुसरा लावायचा, असे दिवसाचे तीन. फिल्टर आधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, सुकवून तोललेला असतो, नंतर पुन्हा तसाच सुकवून तोलायचा. आठ तासांत सुमारे ५२८ घनमीटर हवा जाते. हवेत पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर जमणारी धूळ भरते ५३ मिलिग्रॅम. एवढ्याशा वजनावर तो आकडा उभा असतो. फिल्टरला घामेजलेला हात लागला, घडी करताना कड तुटली, की गेला तो नमुना.

फिल्टरचा रंगही बोलतो. डिझेलच्या रहदारीजवळचा काळा-करडा निघतो, एप्रिलमध्ये नांगरट झालेल्या शिवाराजवळचा मातकट. आम्ही वजन करण्याआधीच पैजा लावायचो, ते शास्त्रात बसत नाही म्हणा.

हवा मोजणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस करायची असते. दिवस ग्राह्य धरायला निदान १६ तासांची मोजणी लागते. आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. स्वयंचलित केंद्रात फिल्टरच्या पट्टीवर धूळ बसवतात आणि तिच्यातून बीटा किरण सोडतात. धूळ जास्त तितके किरण पलीकडे कमी पोचतात, त्यावरून दर तासाला आकडा. हवा ओढायचं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच हवं, झाडं आणि भिंती यांपासून मोकळं. गावात असं केंद्र का नाही? जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात जळगाव आहे, पण तो कार्यक्रमच शहरांचा आहे. जिनिंग, वीटभट्ट्या, मका काढायचे थ्रेशर, जळणारी पऱ्हाटी, हे सगळं शहराच्या हद्दीबाहेर. माझ्या मते खान्देशात हवेबद्दलचं मोठं अज्ञान इथेच आहे.

मीटरचं थोडक्यात. लेझरवाले स्वस्त मीटर कणांवरून उडालेला प्रकाश मोजतात. धुक्यात पाण्याने फुगलेले कण त्यांना जास्त दिसतात, आणि उन्हाळ्यातली जाडी धूळ त्यांना नीट दिसतच नाही. आपल्याकडे नेमके हेच दोन ऋतू त्रासाचे. घ्यायचाच असेल तर पीएम २.५ साठी घ्या, एकाच जागी ठेवा, आणि कालच्यापेक्षा आज किती वाढला एवढंच त्यावरून बोला. त्याच्या पीएम १० वर मी तरी विसंबणार नाही. केंद्रावरचे दोन्ही आकडे मिळत असतील तेव्हा त्यांचं प्रमाण बघावं. पीएम १० मध्ये पीएम २.५ चा वाटा निम्म्याहून बराच जास्त असेल तर बहुतेक काहीतरी जळतंय, तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल तर माती उडतेय.

मीटरच्या पैशात तुमचं जास्त काम होईल ते बादलीने. पानांवर बसते ती पडणारी धूळ, आणि ती मोजायची पद्धत जुनी, मान्य आणि स्वस्त आहे. सरळ भिंतीची, ३० सेंटीमीटर तोंडाची बादली घ्या. दोन मीटर उंच खांबावर बसवा, पाखरं बसू नयेत म्हणून भोवती तारेचं कडं करा. आत आरओचं पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पाणी आटलं की भर घाला. एक महिना झाला की पानं, किडे काढून टाका, पाणी आधी तोललेल्या फिल्टर पेपरमधून गाळा. विरघळलेलं मोरचूद पाण्याबरोबर निघून जातं. कागद पूर्ण वाळवून पुन्हा तोला. तोलायला सराफाचा काटा चालतो, जळगावकडे त्याची कमी नाही. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर भरतं. धूळ ०.७ ग्रॅम निघाली तर चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे चौरस किलोमीटरला महिन्याला १० टन. एक बादली डम्परच्या रस्त्याकडेला, एक बागेच्या मधोमध, एक गावात गच्चीवर, तिन्ही एकाच दिवशी लावा आणि एकाच दिवशी उतरवा.

माती की राख, हे वजनाने कळत नाही. चिमूटभर धूळ काचपट्टीवर घेऊन कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीने बघा. कोळशाची राख भट्टीत वितळून थिजलेली असते, त्यामुळे तिचे काचेसारखे गोल गोळे दिसतात. मातीचे कण वेडेवाकडे, कोपरेदार. काजळी काळी, झुबक्यासारखी. पण गोळे दिसले म्हणून लगेच चिमणीकडे बोट दाखवू नका. मोठ्या औष्णिक संचांच्या चिमण्या २७५ मीटर उंच बांधतात, त्यांचा धूर लांब जाऊन पसरतो. जवळच्या पानांवर थर बसत असेल तर राख भरून नेणारी वाहनं, राखेचे उघडे ढीग आणि राख वापरणाऱ्या वीटभट्ट्या आधी तपासा. तीन बादल्यांतला फरक तेच सांगेल.

बादलीची नोंद कायद्याच्या पुराव्यात बसत नाही. तरी ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत ती जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयात मोजणीची मागणी करता येते. अर्जात जागा, तारखा, वाऱ्याची दिशा आणि सूक्ष्मदर्शकाचे फोटो द्या. मोजणी डिसेंबर-जानेवारीत एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा, अशी दोनदा मागा, आणि दोन्ही वेळी पीएम १० व पीएम २.५ वेगवेगळे हवेत असं स्पष्ट लिहा. ऑगस्टमधली तारीख दिली तर लेखी हरकत घ्या, कारण पावसाने धूळ खाली बसवलेली असते.