हात हलवायचे कोण पैसे देतं?

प्रश्न : सर, मी २६ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरला राहते, गाण्यात विशारद झालेय. दोन वर्षं एका शाळेत संगीत शिकवतेय पण कंत्राटी, मे महिन्यात पगार शून्य. गॅदरिंगला समूहगीत बसवलं तेव्हापासून डोक्यात एकच, कॉयर कंडक्टर व्हायचंय, म्हणजे समूहगान हाताच्या इशाऱ्यावर गाऊन घेणारी. बाबा म्हणतात, नुसते हात हलवायचे कोण पैसे देतं? काय करू?

उत्तर : अगं, आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की लोकांना सीबीएसचं एसटी स्टँड आठवतं, त्यात बाबांचा काय दोष. आणि ते अर्धे बरोबरच आहेत, नुसत्या कंडक्टिंगवर घर चालवणारा माणूस मला तरी नाशकात भेटलेला नाही. घर चालतं शिकवण्यावर, कॉयर त्यातूनच उभा राहतो. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणलं, पुढे आपल्या नाशकातच त्यांचा रामनाम आधाराश्रम होता, म्हणजे दहा जणांना एकदम शिकवायची वाट इथे काही नवी नाही.

पण विशारद झालीस म्हणजे कॉयर येतो असं नाही हं. आपलं शिक्षण एकट्या गळ्याचं. माझीच फजिती सांगतो. चाळीस मुलं, स्नेहसंमेलन, मी पेटी घेऊन काळी एक ही पट्टी धरली कारण मला स्वतःला तीच सोयीची! मुखडा छान गेला आणि अंतरा तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला, पोचला तशी मुलं गायची थांबून ओरडायलाच लागली, पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या मानेच्या शिरा मला पेटीवरून दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच गाणं खालच्या काळी चारवर घेतलं आणि वर्गात एकदम गोड आवाज. तेव्हा पट्टी मुलांच्या गळ्याची घ्यायची, आपल्या नाही. सातवी-आठवीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना वर ताणू नकोस, बिचारे आधीच लाजत असतात.

हात शेवटी. आधी कान. चाळीस आवाजांत सुरातून कोण उतरतंय ते नेमकं कळलं पाहिजे, आणि ते रोज ऐकूनच येतं, त्याला शॉर्टकट नाही. मुलांना एकदम दोन सुरावटी देऊ नकोस. आधी अर्ध्यांनी नुसता सा धरायचा आणि अर्ध्यांनी गायचं, मग एकच ओळ एका आवर्तनाने उशिरा उचलायची, हे जमलं की वेगळ्या सुरावटीकडे जा. रागातल्या चिजेवर मात्र पाश्चात्त्य कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, डकवू नकोस, रागाला न चालणारा वर्ज्य स्वर मागच्या दाराने येतो आणि राग जातो, लोकगीत किंवा देशभक्तीपर गाणं घे, तिथे मोकळीक असते. कलकत्ता यूथ कॉयर १९५८ पासून भारतीय भाषांतली गाणी अनेक आवाजांत गातंय, ते ऐक. नाताळात शरणपूर रोडच्या चर्चमध्ये कॅरल ऐकायला जा आणि सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे उंचापासून खालपर्यंतचे चार आवाज कुठे फुटतात ते शोधत बस. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकावंच लागेल, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या थिअरीच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात, पहिल्या ग्रेडपासून सुरू कर, विशारद आहोत म्हणून लाज वाटू देऊ नकोस.

आणि हात हलवायची प्रॅक्टिस कुठे करायची म्हणशील तर तुमच्या सोसायटीतलं महिला भजनी मंडळ! हसू नकोस. आठवड्याला न चुकता येणाऱ्या वीस बायका, ताल पक्का, टाळ हातात, कोजागिरीला नि गणपतीत स्टेज मिळतं. फक्त लय पळते, सगळ्याजणी एकमेकींना मागे टाकायच्या नादात असतात, ती तुला हाताने आवरता आली तर शाळेतली मुलं काहीच नाहीत.

मे महिन्याचं म्हणशील तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उन्हाळी समूहगान शिबिराचा बोर्ड लाव, पंधरा दिवस, सकाळी ऊन व्हायच्या आत. फी आधी घे, नंतर देतो म्हणणारे पालक मला चांगले माहितीयेत.