वाचक विचारतात : काजू कुठला, बी कुठली?

प्रश्न : मालवणच्या बाजारात दोन पाकिटं शेजारीशेजारी होती. एकावर 'वेंगुर्ला स्पेशल जम्बो', दुसऱ्यावर नुसतं 'डब्ल्यू-३२०'. पहिलं बरंच महाग. घरी सगळ्यांना तेच चवदार लागलं. फरक खरा, की नावाचा?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : 'स्पेशल' आणि 'जम्बो' ही प्रतवारी नव्हे, दुकानदाराची हौस. 'डब्ल्यू-३२०'ला मात्र अर्थ आहे : अख्खा पांढरा गर, आणि एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, असे ३०० ते ३२० गर. डब्ल्यू-२४० मध्ये २२० ते २४०, डब्ल्यू-१८० मध्ये १७० ते १८०. आकडा लहान, तेवढा गर मोठा. घरच्या काट्यावर १०० ग्रॅम तोला आणि मोजा. ६६ ते ७० भरले तर ३२०, ४८ ते ५३ तर २४०, ३८-४० तर १८०. 'जम्बो'त सत्तर निघाले, तर जादा पैसे छपाईला गेले म्हणायचे.

'वेंगुर्ला' हा शब्द त्याहून फसवा. त्याचे तीन अर्थ होतात. 'वेंगुर्ला काजू'ला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्या मालाची अधिकृत ओळख, आहे. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' ही तिथल्या फळ संशोधन केंद्राने दिलेली वाणं. आणि कारखाना वेंगुर्ल्यात, म्हणूनही नाव पडतं. गोची इथेच आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत आफ्रिकेतली बीसुद्धा फोडली जाते. तेव्हा 'काजू कुठला?' असं न विचारता 'बी कुठली?' असं विचारा. उत्तराला किती वेळ लागतो, तेही बघा.

चवीचं म्हणाल, तर ती आकारावर नसते. गर बोटांत कटकन तुटला पाहिजे. चिवट लागला तर ओल धरलेला. पिवळट पडून जुन्या तेलासारखा वास आला, तर खवट. खारवलेल्या किंवा मसाला काजूत हा खवटपणा सहज लपतो, म्हणून आधी साधाच चाखा. पुन्हा पारख करायची तर दोन्ही काजू सारख्या वाट्यांत काढा, वाट्यांखाली खूण दुसऱ्याला करायला सांगा, आणि मध्ये पाण्याचा घोट घेऊन तीन-तीन खा. खूण मात्र शेवटी बघा. आणि उसळीला, वाटणाला अख्खा गर हवाच कशाला? त्याच मालाची पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, घ्या. तुटल्यामुळे दर उतरतो, चव नाही.

प्रश्न : आम्ही बचत गटातून कोकमाच्या बाटल्या विकतो. 'कोकम रस' असं लेबल आहे. सरबत खारट झालं, अशी तक्रार येते. 'ऑरगॅनिक' लिहिलं तर भाव वाढेल का?
– वाचक, राजापूर

उत्तर : आधी खारटपणाचं बघू. तुमच्या बाटलीत आगळ आहे, म्हणजे मिठातला रस, आणि मुंबईकर त्याला अमृत कोकम, म्हणजे साखरेतला गोड रस, समजून पाणी-साखर घालतात. लेबलवर ठळक 'आगळ (मीठ घातलेला)' छापा, खाली 'सोलकढीसाठी'. सरबताची बाटली वेगळी करा : रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) १ किलो सालीला २ किलो साखर, बरणीत थरावर थर, आठवडाभर उन्हात ठेवून मग गाळणं. तिच्यावर 'अमृत कोकम, १ भागाला ५-६ भाग पाणी'. दोन्हींच्या झाकणांचा रंग वेगळा ठेवा, घाईत लेबल कोणी वाचत नाही.

'ऑरगॅनिक' प्रमाणपत्राशिवाय छापू नका. भौगोलिक मानांकनाचं चिन्हही तसंच. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तरच. आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बाटलीवर हवाच.