गूळ, मध आणि ‘शुगर फ्री’चा पुडा

‘साखर सोडली, गूळ धरला’ अशी पत्रं याही महिन्यात आली. उत्तर परत देतो.

प्रश्न : मला मधुमेह आहे. चहात साखरेऐवजी गूळ चालेल ना? शेजारच्या काकू म्हणतात, त्यात लोह असतं.

नाही चालणार. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यातली गोडी बहुतेक सगळी सुक्रोजची, म्हणजे साखरेच्या डब्यात असतं तेच. एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची ही जोडी; आतड्यात फुटते आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. ते ढेपेतून आलं की पिशवीतून, हे रक्ताला कळत नाही. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. वहीत लाल शाईने ‘साखर बंद’, आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.४! मग खिशातून डबी निघाली, आत सुपारीएवढे चार खडे. चार चहांचे चार. तेच जवळपास ४० ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, सरबतं सगळं धरून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहा म्हणते, २५ च्या आत राहिलात तर उत्तम. आणि हे निरोगी माणसासाठी. लोहासाठी काकूंना विचारू नका, हिमोग्लोबिन तपासा. ‘केमिकल-फ्री’ काळा गूळ दुप्पट भावाने घेतलात तरी सुक्रोज तेवढंच. गुळापायी सहा महिने तपासणी लांबवली असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं सूत्र एकच, मग फरक कसला? (अकरावी, विज्ञान)

अणू तेवढेच, मांडणी वेगळी.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला मध चाटवू का?

वर्षाच्या आत थेंबभरही नको. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. चाटवून झाला असेल आणि बाळ मलूल वाटत असेल, शी होत नसेल किंवा अंगावर नीट ओढत नसेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : वडिलांना ‘शुगर फ्री’ बिस्किटं देतो. ती तरी चालतील?

पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा दिसेल. तोही शेवटी ग्लुकोजच होतो. पुढे माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर ती ग्लुकोजचीच साखळी, पटकन तुटणारी. साध्या बिस्किटांत आणखी एक चलाखी : साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप असे तीन वाटे करायचे, म्हणजे एकही नाव वर येत नाही. किती बिस्किटं, ते आहारतज्ज्ञांना पुडा दाखवून ठरवा.

प्रश्न : दुधाने पोट फुगतं, दही पचतं. असं का?

दुधातलं लॅक्टोज फोडणारं विकर कमी पडतं; विरजणातले जिवाणू त्यातलं थोडं आधीच संपवतात. वजनही उतरत असेल तर दाखवून घ्या.

प्रश्न : आईची शुगर अचानक उतरली तर पेढा भरवू?

पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मात्र तिच्या गोळ्यांत ॲकार्बोज किंवा वोग्लिबोज असेल, तर घरची साखर वेळेवर फुटतच नाही. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्यांची चिठ्ठी आजच डॉक्टरांना दाखवून ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.