विडीला हात लावला नाही, तरी सीओपीडी?

प्रश्न: आई ६३ वर्षांची आहे, गावाकडं असते. विडी-सिगारेट कधीच नाही तरी डॉक्टर सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा फुफ्फुसाचा आजार) म्हणतात. पंप (इनहेलर) दिलाय, पण शेजारच्या काकू म्हणतात पंपाची सवय लागते, म्हणून जरा बरं वाटलं की ती बंद करते. भाऊ म्हणतो ऑक्सिजनचं मशीनच घेऊन टाकू. काय करू? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: विडी नसली तरी चूल असणार ना. वर्षानुवर्षं शेणी-काटक्यांपुढं बसून फुंकणी मारली की श्वासनळ्या सुजतात, आकसतात, आणि ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. आता गॅस आला असेल, पण अंघोळीचं पाणी? ते अजून बंबातच तापत असेल आणि जाळ घालायला आईच बसत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर औषधं निम्मी वाया.

पंपाची सवय वगैरे काही लागत नाही. आजार जात नाही म्हणून पंप चालू ठेवायचा, बीपीच्या गोळीसारखा. उलट साल्ब्युटामॉलच्या (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत जेवढं औषध असतं तेवढं पोटात जायला १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे ४० पफ मारावे लागतील, हे काकूंना सांगा. खरी गडबड मारण्यात होते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्या, पंप हलवायचा, श्वास सोडायचा, एक पफ दाबून सावकाश ओढायचा आणि दहा आकडे होईपर्यंत धरायचा. कॅप्सूलवाला असेल तर मात्र जोरात ओढायचा (आणि कॅप्सूल गिळायची नसते, हसू नका, लोक गिळतात). स्टेरॉइडवाला असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

मशीनचं म्हणाल तर भावाला थांबवा. दम लागतो म्हणजे ऑक्सिजन कमीच असतो असं नाही. तब्येत स्थिर असताना, बसल्या जागी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली येत असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात, आणि मग दिवसाला किमान १५ तास लावावं लागतं, अधूनमधून दहा मिनिटं लावून काही होत नाही. आकडा ९८ व्हावा म्हणून फ्लो मनानं वाढवायचा तर अजिबात नाही, काही पेशंटच्या रक्तात त्यानं कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो.

स्पायरोमेट्री (जोरात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) झालीय का ते फाइलमध्ये बघा, नुसत्या एक्स-रेवर निदान पक्कं होत नाही. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. कफ वाढला किंवा हिरवा-पिवळा झाला तर त्याच दिवशी दाखवा, आणि ओठ निळसर दिसले, एक वाक्य धड बोलता येईना किंवा आई उगाच पेंगायला लागली तर सरळ १०८ ला फोन करा.