फोटोत समुद्र, खिडकीत टाकी

प्रश्न : तारकर्लीला ‘सी-व्ह्यू’ खोली म्हणून आगाऊ पैसे भरले. पडदा सरकवला तर समोर शेजारच्या लॉजची भिंत अन् पाण्याची टाकी! मॅनेजर म्हणतो, ‘काकू, गच्चीवरून दिसतो की समुद्र.’ आता काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : गच्चीचं भाडं थोडंच भरलंत तुम्ही! जाहिरातीतल्या फोटोंचे स्क्रीनशॉट आजच काढा, नंतर ते फोटो गायब होतात. पावती जपा. हॉटेलला लेखी कळवा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्यानं नाही भागलं, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सिंधुदुर्गला खेपा न घालता सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, दोन वर्षांच्या आत. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, वकीलही लागत नाही.