तो कोपरा झाकू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ज्युरीने तुझं अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्र बघून विचारलं, यात तुमची माणसं कुठायत, तुमची ओळख कुठाय, आणि आता तू आजीचा फोटो चिकटवायला निघालीस, वर मला विचारतेस मॅडम अ‍ॅबस्ट्रॅक्ट सोडूनच देऊ का. अगं नाही! रागातच लिहितेय, पण तो तुझ्यावर नाहीये.

माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. पंचविशीत मलाही कुणीतरी सांगितलं, तुझी पार्श्वभूमी आण ना चित्रात, आणि मी आणली. वडिलांची अक्षरं जशीच्या तशी कॅनव्हासवर उतरवली, कौतुक झालं, चित्रं विकली गेली, आणि मग नऊ वर्षं मी तेच करत बसले कारण लोक तेच मागत होते. वडील एकदाच प्रदर्शनाला आले. एका चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, कडा हलल्यात गं. बस्स, एवढंच. ते रेघ ओढताना श्वास धरायचे, चपटा ब्रश वरून खाली एका दमात, मध्ये थांबणं नाही. अक्षरं उचलली, हे मात्र मी घेतलंच नव्हतं. आज नुसता निळा पट्टा ओढते तेव्हा माझाही श्वास आपोआप धरला जातो. ओळख ती. विषयात नसते, हातात असते.

हॉवर्डिना पिंडेल बघ, अमेरिकेतली कृष्णवर्णीय अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्रकार. लहानपणी वडिलांबरोबर केंटकीत रूट बिअर (नावालाच बिअर, साधं थंड पेय ते) प्यायला थांबली तर पेल्याच्या बुडाला लाल गोल, कृष्णवर्णीयांची भांडी वेगळी कळावीत म्हणून. पुढे तिने पंचिंग मशीनने कागदाचे गोल पाडले, हजारो, आणि कॅनव्हासवर थरावर थर लावले. यात कृष्णवर्णीय असं काय आहे, हे तिलाही ऐकावं लागलं. गोल सोडले नाहीत तिने. १९७९ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात शिकवायची, आणि ८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या म्युझियम-गॅलऱ्यांत कृष्णवर्णीय आणि इतर वगळलेल्या कलाकारांना किती जागा मिळते ते तिने चक्क मोजून मांडलं. वैविध्य मागायचं ते तिथे, भिंतींवर, निवड करणाऱ्यांच्या टेबलावर. तुझ्यासारखीने फक्त तुझ्यासारख्यांचंच रंगवायचं हा नियम म्हणजे परत तोच लाल गोलाचा पेला, फक्त कौतुकाने हातात दिलेला.

मीही त्या टेबलावर बसलेय. एका मुलाला अगदी हाच प्रश्न विचारला गेला आणि मी गप्प राहिले. नवीन होते, नोकरी कायम व्हायची होती, घर माझ्यावर होतं. कारणं खरी होती, अजूनही खरीच वाटतात, पण त्या मुलाला मी नंतर साधं भेटायलाही गेले नाही. तेव्हापासून प्रत्येक निवडीत भांडते. लोक भांडकुदळ म्हणतात, म्हणू देत.

तुझ्या त्या करड्या चित्रात डावीकडे खाली पट्टीने खरवडलेली जागा आहे ना, जिथे खालचा विटकरी थर दिसतो, जी तू तीनदा झाकलीस आणि तीनदा परत उघडलीस? तिथे आहेस तू. कुणी सांगितलं होतं तसं करायला? हातात असतं गं, परत परत सांगते, हातात. आजीचा फोटो तुला आतून हवा असेल तर खुशाल लाव, ज्युरीला हवा म्हणून नको.

गुरुवारी चित्र आहे तसं घेऊन ये. चित्रासोबतचं लेखी स्टेटमेंट नंतर बघू, आधी मला तो कोपरा जवळून बघायचाय.

तुझी मॅडम