डोमेनची मुदत संपली, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न

मुदत संपलेल्या डोमेनसाठी, म्हणजे वेबसाइटच्या नावासाठी, अचानक मोठी रक्कम मागितली जाते, याबद्दलची पत्रं थांबतच नाहीत. त्यातली काही इथे घेतो.

प्रश्न : माझ्या डॉट कॉमची मुदत संपून दोन महिने झाले. नूतनीकरणाला हजाराच्या आसपास लागायचे, आता रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) आठ हजार मागतो. ही लूट नाही का? (तंतुवाद्यांचं दुकान, मिरज)

मुदतीनंतर जास्तीत जास्त ४५ दिवस नाव रजिस्ट्रारकडे राहतं, मग ३० दिवस ‘रिडेम्पशन’मध्ये, म्हणजे जादा पैसे भरून सोडवण्याच्या टप्प्यात जातं. तुमचं नाव बहुधा तिथे पोचलंय. या टप्प्यात नूतनीकरणाच्या पैशांखेरीज रिडेम्पशन फी वेगळी लागते. तिचा दर आपल्या संकेतस्थळावर जाहीर करणं आयकॅनच्या (डोमेन नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) २०१३ पासून लागू असलेल्या धोरणानुसार रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. तो दर बिलाशी ताडून पाहा, जास्त लावला असेल तर आयकॅनकडे तक्रार करा. पण आधी पैसे भरून नाव सोडवा. ३० दिवस उलटले की पुढच्या ५ दिवसांत ते सुटतं आणि कुणीही घेऊ शकतं. आजच फोन करा.

प्रश्न : पंधरा वर्षं वापरलेलं नाव माझ्या मालकीचं नाही का?

नाही, हक्क मुदतीपुरता असतो, एका वेळी फार तर १० वर्षांचा.

प्रश्न : सुटलेलं एक डॉट कॉम शोधलं तेव्हा साध्या दरात होतं, दुसऱ्या दिवशी दीड लाख! मी शोधलं म्हणून भाव वाढवला, असं आमचा डिझायनर म्हणतो.

कशावरून? २००८ मध्ये एका अमेरिकी रजिस्ट्रारने ग्राहकांनी शोधलेली नावं चार दिवस अडवून ठेवली होती, त्यावर गदारोळ झाला. तेव्हापासून ही गोष्ट पुराव्याशिवाय फिरते आहे. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे रजिस्ट्रारला पडणारा दर, सगळ्या नावांना एकच असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला. दीड लाख हा भाव नाव सुटताच पकडणाऱ्याने लावलेला असणार. तो घासाघीस करून उतरतो.

डॉट शॉपसारख्या नव्या प्रकारांत मात्र रजिस्ट्री (त्या प्रकारची सगळी नावं सांभाळणारी कंपनी) स्वतःच निवडक नावांना चढा दर लावते, आणि कित्येकदा दरवर्षी तेवढेच भरावे लागतात. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा आकडा ठळक, नूतनीकरणाचा बारीक. ही चलाखी मला अजिबात मान्य नाही. नूतनीकरणाचा दर लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न : दवाखान्यासाठी नवं नाव घेतलंय. जुनं सोडून दिलं तर काय बिघडतं? (नाशिक)

फार बिघडतं, आणि हे कुणी विचारतच नाही म्हणून सविस्तर सांगतो. सगळ्यांना वेबसाइटची काळजी असते, ईमेलची नसते. जुन्या नावावरचे पत्ते तुम्ही बँकेत, प्रयोगशाळेत, विमा कंपनीत दिलेले आहेत. उद्या नाव घेणारा तेच पत्ते सुरू करेल. रुग्णांचे अहवाल आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक त्याच्याकडे जातील. त्यासाठी त्याला काहीही फोडावं लागत नाही. जुनं नाव काही वर्षं तरी चालू ठेवा, त्यावरचं एकेक खातं बदलून घ्या.

सूचनांच्या भरवशावर राहू नका. मुदतीपूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, आणि मुदतीनंतर ५ दिवसांत, अशा सूचना रजिस्ट्रारला पाठवाव्याच लागतात. पण त्या जातात नोंदवलेल्या पत्त्यावर. तो वेबसाइट बनवून गेलेल्या मुलाचा असतो, नाहीतर बंद पडलेल्या त्याच डोमेनवरचा. डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट डॉट कॉमचं (हॉटमेल या त्यांच्या ईमेल सेवेचं लॉगिन त्यावरून व्हायचं) नूतनीकरण राहून गेलं आणि हॉटमेलवाल्यांना लॉगिन होईना. एका परक्या प्रोग्रामरने ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुरळीत झालं. नोंदणी कुणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहे, हे आज तपासा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

नाव आधीच कुणी घेतलं असेल, तर ट्रेडमार्कच्या वकिलाला भेटा. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलं आहे. डॉट इनची तक्रार ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेच्या लवादाकडे जाते.

प्रश्न : जुन्या साइटला गुगलवर वजन असतं म्हणून मुदत संपलेलं नाव चढ्या भावात घ्यावं का?

केवळ त्यासाठी नको. दुसऱ्याच्या जुन्या नावावर भलताच मजकूर टाकून क्रमवारी मिळवणं गुगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या धोरणात घातलं आहे. ते नाव तुमच्याच व्यवसायाचं असेल तर घ्या, पण आधी त्यावर कुणाचा ट्रेडमार्क नाही ना, हे वकिलाकडून तपासून.